व्हिपलनंतर चार वर्षांनी काळी शौच: रक्त एकीकडून, कारण दुसरीकडे

रुग्ण ५८ वर्षांचे, शेतकरी, वजन ५२ किलो. चार वर्षांपूर्वी ॲम्पुलाच्या (पित्तनलिका आतड्यात उघडते त्या तोंडाच्या) कर्करोगासाठी व्हिपल शस्त्रक्रिया, म्हणजे स्वादुपिंडाचे डोके आणि त्याला लागून असलेले आतडे काढण्याची शस्त्रक्रिया, झालेली. कर्करोग परतल्याची खूण कुठेही नाही. तरीही अकरा महिन्यांत तिसऱ्यांदा काळी शौच होऊन दाखल. हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेले आहे, त्यामुळे आकडे कुणा एका माणसाचे नाहीत. घटनांचा क्रम, झालेल्या चुका आणि उपाय मात्र वॉर्डात जसे घडतात तसेच ठेवले आहेत.

आधी शब्दाचा एक घोळ. स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रक्तस्रावाची जी आंतरराष्ट्रीय व्याख्या २००७ पासून वापरात आहे, तिच्यात पहिल्या २४ तासांतला रक्तस्राव 'लवकरचा' आणि त्यापुढचा सगळा 'उशिराचा'. म्हणजे दहाव्या दिवशी गॅस्ट्रोड्युओडेनल धमनीच्या (शस्त्रक्रियेत कापून बांधलेल्या धमनीच्या) बुंध्यावर फुगा येऊन फुटला तोही उशिराचा, आणि चार वर्षांनी झालेला हाही उशिराचाच. दोन्हींचे नाव एक असले तरी आजार वेगळे. पहिल्या काही आठवड्यांत धोका धमनीचा असतो. स्वादुपिंडाच्या जोडातून गळणारा रस धमनीची भिंत कुरतडतो, आधी थोडेसे इशाऱ्याचे रक्त येते आणि मग मोठा रक्तस्राव होतो. वर्षे उलटल्यावर संशयितांची यादी बदलते: जठर-आतड्याच्या जोडावरचा अल्सर, परतलेला कर्करोग, आणि सगळ्यांत जास्त वेळा नजरेतून सुटणारे कारण म्हणजे पोर्टल व्हेन (आतडी आणि प्लीहेचे रक्त यकृताकडे नेणारी मोठी शीर) अरुंद होऊन आतड्यात फुगलेल्या शिरा.

पहिल्या दोन भरती

पहिल्या वेळी गावात मूळव्याध समजून दोन दिवस गेले. नंतर लोहाच्या गोळ्यांमुळे शौच काळी होते, असेही कुणी सांगितले. लोहाने काळी झालेली शौच घट्ट, हिरवट-काळी असते. रक्ताने काळी झालेली डांबरासारखी चिकट, उग्र वासाची असते आणि पाणी ओतले की कडेने लालसर पाणी सुटते. नातेवाइकांना हा फरक नेमका विचारला, तर ते बहुतेक वेळा नेमके उत्तर देतात. हिमोग्लोबिन ७.४ भरले. एंडोस्कोपीत जठर-आतड्याच्या जोडावर दोन-तीन वरवरचे ओरखडे दिसले. गुडघेदुखीसाठी रुग्ण डायक्लोफेनॅक घेत होते, त्यामुळे कारण सापडले असे सगळ्यांना वाटले. दोन पिशव्या रक्त आणि पँटोप्राझोल ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देऊन घरी सोडले.

हा निष्कर्ष मूर्खपणाचा नव्हता. जोडावरचा अल्सर खरोखर होतो आणि दुखण्याच्या गोळ्या तो वाढवतात. मात्र वरवरच्या ओरखड्यातून हिमोग्लोबिन चार-पाच ग्रॅमने उतरत नाही. खोल अल्सर, तळाशी रक्तवाहिनी किंवा चिकटलेली गाठ, यांपैकी काहीच नसेल तर अहवालात 'कारण सापडले' असे न लिहिता 'रक्तस्राव समजावणारे काही दिसले नाही' असे लिहायला हवे. असे एक वाक्य पुढचे महिने वाचवते.

दुसरी भरती चार महिन्यांनी. दुखण्याच्या गोळ्या बंद होत्या, ॲसिडिटीची गोळी नियमित चालू होती. एंडोस्कोपी स्वच्छ. कोलोनोस्कोपीत सगळीकडे जुने काळे रक्त आणि पहिल्या पायरीची मूळव्याध, जी या वयात अर्ध्या गावाला असते. कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळवली, तीही स्वच्छ निघाली. सीटी झाला, पण फक्त धमनीच्या टप्प्याचा, कारण शोध धमनीवरच्या फुग्याचा होता. फुगा नव्हता. पुन्हा दोन पिशव्या, पुन्हा घरी.

न पाहिलेला फाटा

'सगळ्या दुर्बिणी स्वच्छ' या वाक्यापाशी थांबून शस्त्रक्रियेनंतरचा नकाशा कागदावर काढावा. व्हिपलमध्ये स्वादुपिंडाचे डोके, ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग), पित्ताशय आणि पित्तनलिकेचा खालचा भाग काढतात. मग जेजुनम (त्यापुढचे लहान आतडे) वर ओढून तीन जोड देतात: स्वादुपिंडाचा, पित्तनलिकेचा आणि जठराचा. पहिले दोन जोड एका आंधळ्या फाट्यात असतात. तोंडातून जाणारी साधी दुर्बीण जठराच्या जोडापर्यंत पोहोचते आणि फार तर दोन्ही फाट्यांत थोडी डोकावते. कॅप्सूल अन्नाच्या वाटेने खालच्या फाट्यात उतरते, पित्ताच्या फाट्यात उलटी चढत नाही. म्हणजे या रुग्णाच्या आतड्याचा ५०-६० सेंटिमीटरचा तुकडा, ज्यात दोन जोड आहेत, कुणीच पाहिला नव्हता. तपासण्या सामान्य आल्या एवढेच खरे, तो भाग सामान्य आहे असे त्यातून ठरत नाही.

तिसऱ्या वेळी रुग्ण शेतात चक्कर येऊन पडले. शौच गडद तपकिरी-लाल, नाडी १२४, रक्तदाब ९०/६०, हिमोग्लोबिन ५.८. युरिया ६४ आणि क्रिएटिनिन १.०. क्रिएटिनिन सामान्य असताना युरिया इतका चढला, तर रक्त वरच्या आतड्यात पडून पचते आहे असे समजावे. प्लेटलेट १ लाख ३८ हजार, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे मोजमाप) १.६, बिलिरुबिन १.१, अल्ब्युमिन ३.०. सोनोग्राफीत यकृत गुळगुळीत, प्लीहा १३.५ सेंटिमीटर.

प्लेटलेट आणि प्लीहा हे दोन आकडे एकत्र वाचावेत. यकृताचा आजार नसताना प्लीहा किंचित मोठी आणि प्लेटलेट किंचित कमी, म्हणजे पोर्टल रक्ताची वाट कुठेतरी अडली आहे. पहिल्या भरतीतही प्लेटलेट १ लाख ४५ हजार होत्या. 'जवळजवळ नॉर्मल' म्हणून कुणी त्यांच्याकडे पाहिले नाही.

जुनी फाइल मागवली. शस्त्रक्रियेच्या नोंदीत शीर कापलेली किंवा जोडलेली नव्हती, त्यामुळे शिरेचा संशय कुणाला आला नव्हता. डिस्चार्ज कार्डच्या मागच्या पानावर मात्र होते: स्वादुपिंडाच्या जोडातून गळती, पोर्टल व्हेनच्या शेजारी पू, नळी पाच आठवडे. हा जंतुसंसर्ग भरून येताना बनलेला घट्ट तंतुमय पट्टा शिरेला बाहेरून आवळतो. शीर न कापताही ती अरुंद होते ती अशी. इतर कारणांत शिरेची शस्त्रक्रिया, किरणोपचार, गुठळी आणि परतलेला कर्करोग येतात. शेवटचे कारण प्रत्येक वेळी पुराव्यानिशी वगळावे लागते.

पहिले बारा तास

जाड सुया दोन हातांत, १८ गेजच्या. सलाइन मोजून. सरासरी रक्तदाब ६५ राखायचा, त्याहून वर ओढायचा नाही, कारण शिरेतला रक्तस्राव भरलेल्या रक्ताभिसरणात वाढतो. रक्त तीन पिशव्या दिले, कारण पहिल्या सलाइननंतर हिमोग्लोबिन आणखी उतरले होते. लक्ष्य ७ ते ८. हृदयविकार असता तर ८ च्या वर ठेवले असते. ऑक्ट्रिओटाइड ५० मायक्रोग्रॅम एकदम आणि मग तासाला ५० मायक्रोग्रॅम. त्याने पोटातल्या अवयवांकडे जाणारे रक्त कमी होते. व्हिपलनंतर मधुमेह असलेल्या रुग्णात त्यामुळे साखर दोन्ही बाजूंना हलते, म्हणून दर दोन-तीन तासांनी साखर पाहावी.

आयएनआर १.६ पाहून प्लाझ्मा चढवण्याचा मोह होतो. येथे यकृत बिघडले नव्हते, जीवनसत्त्व के कमी पडले होते. रुग्ण अन्न पचवणाऱ्या स्वादुपिंडाच्या एन्झाइमची १०,००० युनिटची एक कॅप्सूल घेत होते, तीही जेवण झाल्यावर. चरबी पचत नव्हती, आणि तिच्याबरोबर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वेही वाया जात होती. शौच तेलकट होते का, पाण्यावर तरंगते का, हे चार वर्षांत कुणी विचारलेले नव्हते. जीवनसत्त्व के १० मिलिग्रॅम शिरेतून हळू, तीन दिवस दिले. आयएनआर १.२ वर आला. प्लाझ्मा लागलाच नाही.

सीटीकडे नेमका प्रश्न पाठवावा

'पोटाचा सीटी, रक्तस्राव' एवढेच लिहिले तर उत्तरही तेवढेच येते. या वेळी विनंतीत लिहिले: 'व्हिपल चार वर्षांपूर्वी, गळती झाली होती. पोर्टल, सुपीरियर मेसेंटेरिक (आतड्याची) आणि स्प्लेनिक (प्लीहेची) शिरा उघड्या आहेत का? पित्ताच्या जोडाभोवती फुगलेल्या शिरा आहेत का? धमनीवर फुगा आहे का?' तोंडाने पांढरे काँट्रास्ट (चित्रात उठून दिसणारे द्रव्य) द्यायचे नाही, त्यात आतड्याच्या भिंतीतल्या शिरा बुडून जातात. साधे पाणी चालते. शिरेतून किलोला दीड मिलिलिटर, म्हणजे या रुग्णाला साधारण ८० मिलिलिटर काँट्रास्ट, सेकंदाला ४ मिलिलिटर वेगाने. चित्रे तीनदा: काँट्रास्टच्या आधी, ३५ सेकंदांना धमनीसाठी आणि ७० ते ८० सेकंदांना शिरांसाठी. उभ्या छेदाची जाड पट्टीची चित्रे मुद्दाम मागावीत, कारण आडव्या छेदात पोर्टल व्हेनचा दोन सेंटिमीटरचा आवळलेला तुकडा दोन-चार चित्रांत निसटून जातो.

स्प्लेनिक आणि मेसेंटेरिक शिरा जिथे मिळतात, तिथून एक सेंटिमीटर वर पोर्टल व्हेन २ सेंटिमीटर लांबीत जेमतेम ३ मिलिमीटर उरली होती. तिच्या बाजूने, जेजुनमच्या फाट्याच्या भिंतीतून, पित्ताच्या जोडावरून थेट यकृताच्या दारात (रक्तवाहिन्या यकृतात शिरतात त्या जागी) शिरणाऱ्या नागमोडी शिरांचे जाळे होते. गाठ कुठेही नव्हती, धमनी नीट होती आणि सीए १९-९ (रक्तातली कर्करोगाची खूण) सामान्य होते.

हे जाळे तिथेच का? शस्त्रक्रियेत यकृताच्या दाराशी आतडे शिवले जाते. चिकटलेल्या जागी नव्या शिरा फुटतात आणि आतड्याच्या शिरांमधले अडलेले रक्त अडथळ्याला वळसा घालून त्यांतून यकृतात जाते. कालव्याचा दरवाजा बंद झाला की पाणी बांध झिरपवून शेजारच्या वाफ्यात उतरते, तसे. अन्ननलिका स्वच्छ का होती, याचेही उत्तर यात आहे. रक्ताला यकृताची वाट जवळ सापडली होती, छातीकडे जायची गरज नव्हती. म्हणून 'अन्ननलिकेत व्हेरिसेस (फुगलेल्या शिरा) नाहीत, म्हणजे पोर्टल दाब नाही' हा नेहमीचा हिशेब व्हिपलच्या रुग्णाला लावू नये.

गोंद भरायचा का?

बलून एंटरोस्कोपीने (फुग्याच्या आधाराने आतड्यात खोल जाणाऱ्या दुर्बिणीने), कार्बन डायऑक्साइड वापरून, फाट्याच्या टोकापर्यंत पोहोचता आले. पित्ताच्या जोडाभोवती निळसर, वळ्यावळ्यांचे उंचवटे होते आणि एकाच्या टोकावर पांढरा ठिपका, म्हणजे नुकतेच रक्त वाहून बंद झालेले तोंड. असे उंचवटे परतलेल्या कर्करोगासारखेही दिसतात. तिथे बायोप्सीचा चिमटा लावणे म्हणजे उघड्या नळावरचा बूच काढणे. सीटी आधी हातात असावा तो यासाठीच.

रक्त त्या क्षणी वाहत नव्हते. सायनोॲक्रिलेट गोंद भरावा का, यावर मतभेद होणे साहजिक आहे. गोंद जठरातल्या व्हेरिसेसमध्ये उत्तम चालतो. येथे तीन अडचणी होत्या. लांब, वळलेल्या दुर्बिणीतून गोंद वेळेत पुढे ढकलता आला नाही तर तो नळीतच गोठतो आणि दुर्बीण जाते. या शिरांचा प्रवाह यकृताच्या दिशेने असल्यामुळे सुटलेला गोंद यकृतातल्या पोर्टल फांद्यांत जाऊन अडकतो. तिसरी अडचण सगळ्यांत मोठी: या शिराच तेव्हा यकृताला पोर्टल रक्त पुरवत होत्या. मुख्य वाट उघडण्याआधी वळणरस्ता बुजवला तर दाब वाढून आतड्यात दुसरीकडे शिरा फुगतात. अनेक रुग्णांत गोंदानंतर काही आठवड्यांनी पुन्हा रक्त येते ते त्यामुळे. रक्त पिचकारीसारखे उडत असते तर जीव वाचवण्यासाठी गोंद भरलाच असता आणि त्याच दिवशी शिरेचे काम केले असते. रक्त थांबलेले असताना आधी शीर उघडावी.

शीर उघडणे

पित्ताला आतड्याचा जोड असलेल्या यकृतात पित्त निर्जंतुक नसते. त्यामुळे सुई घालण्याआधी अँटिबायोटिक हवेच. येथे पिपरासिलिन-टाझोबॅक्टम ४.५ ग्रॅम दिले. जागा बधिर करून, झोपेच्या हलक्या औषधात, सोनोग्राफीखाली २१ गेजच्या सुईने यकृताच्या उजव्या बाजूच्या पोर्टल फांदीत प्रवेश केला. फांदी जितकी टोकाची तितके बरे. दाराजवळ टोचले तर यकृताबाहेर रक्तस्राव आणि धमनीला इजा, दोन्हींचा धोका वाढतो. बारीक तारेवरून ७ फ्रेंचची शीथ (उपकरणे आत नेण्याची नळी) बसवली.

अरुंद जागा ओलांडणे हाच या कामातला वेळखाऊ भाग. तार वळणाच्या शिरांत पुन्हा पुन्हा शिरते, कारण प्रवाह त्यांतच असतो. वाकड्या टोकाचा कॅथेटर अडथळ्याच्या तोंडाशी टेकवून, घसरणारी ०.०३५ इंची तार फिरवत हलकेच पुढे सरकवायची, जोर लावायचा नाही. तार मेसेंटेरिक शिरेत उतरल्यावर आधी दाब मोजले: आतड्याच्या बाजूला २४ मिलिमीटर, यकृताच्या बाजूला ९. फरक १५. पाचच्या वर फरक असेल तर अरुंदपणा खरोखर अडथळा करतो आहे असे धरतात. चित्रात अरुंद दिसले पण दाबात फरकच नाही, तर स्टेंट घालण्याआधी निदान पुन्हा तपासावे.

हेपरिन (रक्त गोठू न देणारे औषध) ३,००० युनिट दिले. ६ मिलिमीटरच्या फुग्याने वाट केली, मग १२ मिलिमीटर रुंद, ६० मिलिमीटर लांब, स्वतः उघडणारा जाळीचा स्टेंट घातला आणि आतून १० मिलिमीटरच्या फुग्याने पसरवला. स्टेंट उघड्या जाळीचाच का? खालचे टोक स्प्लेनिक शिरेच्या तोंडावर थोडे आले तरी जाळीतून रक्त येत राहते. कापडी आवरणाचा स्टेंट तिथे बसला तर ते तोंड बंद होते आणि प्लीहेच्या बाजूला नवा दाब तयार होतो. नुसता फुगा फिरवून का भागत नाही? बाहेरचा पट्टा लवचीक असतो, फुगा काढला की तो पुन्हा आवळतो.

फरक १५ वरून २ वर आला. पुन्हा काँट्रास्ट सोडले तेव्हा जोडाभोवतीचे जाळे भरलेच नाही, म्हणून त्यात कॉइल (शीर बुजवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या) घातल्या नाहीत. भरले असते तर त्याच बैठकीत बंद केले असते. बाहेर येताना यकृतातली सुईची वाट कॉइल आणि जिलेटिन फोमने बुजवली. ही पायरी घाईत राहते आणि रात्री पोटात रक्त जमते. पहिले सहा तास दर अर्ध्या तासाने नाडी-रक्तदाब, सहा तासांनी हिमोग्लोबिन.

रक्त पातळ करायचे की नाही?

परवा रक्तस्राव झालेल्या माणसाला आज रक्त पातळ करणारे औषध द्यायचे, हे ऐकायला विचित्र वाटते. नवा स्टेंट मात्र पहिल्या आठवड्यांतच गुठळीने बंद होण्याची भीती असते, आणि तो बंद झाला तर रक्तस्राव परत येतो. औषध कोणते आणि किती काळ, यावर एकमत नाही. येथे २४ तास रक्तस्राव नाही हे पाहून एनॉक्झापॅरिन ४० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, चौथ्या दिवसापासून ५० मिलिग्रॅम दर १२ तासांनी, सहा आठवडे. मग सहा महिने पूर्ण होईपर्यंत ॲपिक्साबॅन. वॉरफरिन टाळले, कारण जीवनसत्त्व के कधी शोषले जाते कधी नाही, अशा रुग्णात आयएनआर स्थिर राहत नाही. डायक्लोफेनॅक कायमचे बंद, गुडघ्याला पॅरासिटामॉल आणि वरून मलम. पँटोप्राझोल चालू ठेवले: जोडाला संरक्षण आणि एन्झाइमच्या गोळीलाही मदत.

लोहाचा हिशेब वेगळा करावा लागला. लोह प्रामुख्याने ड्युओडेनममध्ये शोषले जाते आणि ड्युओडेनम तर काढलेले. त्यात ॲसिड दाबलेले. त्यामुळे चार वर्षे चाललेल्या लोहाच्या गोळ्या शौच काळी करण्यापलीकडे फारसे काही करत नव्हत्या आणि निदानात गोंधळ घालत होत्या. तिसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन ७.२. लागणाऱ्या लोहाचे सूत्र: वजन × (१५ − हिमोग्लोबिन) × २.४ + ५००. म्हणजे ५२ × ७.८ × २.४ + ५००, साधारण १,४७५ मिलिग्रॅम. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज १,००० मिलिग्रॅम एकदा आणि आठवड्याने ५००. या औषधाने फॉस्फेट उतरते, आणि जीवनसत्त्व ड आधीच कमी असलेल्या अशा रुग्णात जास्त. दोन आठवड्यांनी थकवा किंवा हाडे दुखणे वाढले तर आधी फॉस्फेट तपासावे.

एन्झाइमची मात्रा जेवणाला ४०,००० युनिट केली: अर्धी पहिल्या घासाबरोबर, अर्धी जेवणाच्या मध्यावर. चहाबरोबर बिस्किट असेल तर १०,००० ते २०,०००. भाकरी-आमटी संपवून, हात धुऊन गोळी घेतली तर ती अन्नाच्या मागे धावत राहते.

वाट वेगळी असती तर

अडथळा स्प्लेनिक शिरेत असता, जसा मेसेंटेरिक-पोर्टल भाग कापून जोडताना ती शीर बांधल्यावर होतो, तर फुगवटा जठरात किंवा मोठ्या आतड्यात दिसला असता आणि पोर्टल स्टेंटचा उपयोग झाला नसता. तिथे प्लीहेची धमनी अंशतः बंद करणे किंवा प्लीहा काढणे हा विचार येतो. पोर्टल व्हेन पूर्ण बंद असती आणि यकृताच्या बाजूने तार गेली नसती, तर प्लीहेतून सुई घालून खालून वर येता येते. तेही जमले नाही तर मेसेंटेरिक शीर खालच्या महाशिरेला जोडणारी शस्त्रक्रिया उरते. चिकटलेल्या पोटात ती अवघड असते, आणि यकृताचे पोर्टल रक्त वळवले जाते हा तोटाही आहे. कर्करोग परतून शीर दाबत असता तरी स्टेंट घातला असता, फक्त तो किती टिकेल याची अपेक्षा कमी ठेवून.

डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) दुसऱ्या दिवशी, मग पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात केले. तिसऱ्या महिन्यात शिरांच्या टप्प्याचा सीटीही, कारण आतड्यातल्या हवेमागे स्टेंटचे खालचे टोक डॉप्लरला दिसत नाही. सहाव्या महिन्यात हिमोग्लोबिन १२.१, प्लेटलेट १ लाख ९० हजार, वजन ५६ किलो. पुढे दर सहा महिन्यांनी डॉप्लर. प्लेटलेट पुन्हा दीड लाखाखाली आल्या तर काळी शौच होण्याची वाट न पाहता सीटी करायचा, असे फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहून ठेवले आहे.